परदेशी विद्यार्थी पाड्यावर येणार, पण कोणत्या अटीवर?

(धडगाव तालुक्यातल्या युवा शिबिरात आमच्या गटातर्फे केलेलं भाषण. बोललं तसंच लिहून काढलं आहे.)



आम्ही चौघांनी रात्री बसून हे लिहिलं आणि आता एकाच्या तोंडून बोलतो आहोत. कुठे चुकलं तर चौघांची चूक समजा. आमच्यातला एकही बारावीच्या पुढे शिकलेला नाही, तेव्हा मोठे मोठे शब्द येणार नाहीत. आले तर ते पत्रातले आहेत, आमचे नाहीत.

पत्राचं सांगतो. महिन्याभरापूर्वी आमच्या ग्रामपंचायतीत एक पत्र आलं. शहरातल्या एका संस्थेचं आहे. परदेशातल्या कॉलेजचे नऊ विद्यार्थी सहा आठवडे आपल्या पाड्यावर राहायला येणार, 'लोकसहभागातून शाश्वत ग्रामीण विकास' या विषयावर काम करणार, गावाने सहकार्य करावं, असं त्यात आहे. ते याला इंटर्नशिप म्हणतात. म्हणजे शिकाऊ उमेदवारी. आपली आयटीआयची पोरं वर्कशॉपमध्ये करतात तशी. फरक एवढाच की आपल्या पोराला वर्कशॉपवाला हाताखाली ठेवतो, इंजिन त्याच्या ताब्यात देत नाही. इथे शिकाऊ माणूस येतो आणि पहिल्याच आठवड्यात आपल्या गावाचा आराखडा करतो.

पत्र सभेत वाचलं तेव्हा 'शाश्वत' या शब्दावर गाडी अडली. शाळेच्या गुरुजींनी सांगितलं, शाश्वत म्हणजे टिकाऊ. तेव्हा मागून एक आजी म्हणाल्या, टिकाऊ तर कढई असते, विकास कसा टिकाऊ? सगळे हसले. पण घरी जाताना आम्हाला वाटलं की आजींचा प्रश्न बरोबर आहे. पायाखालची जमीनच आपल्या नावावर नाही, तर तिच्यावर केलेलं कोणतं काम टिकेल?

सभेत दोन तट पडले. एक म्हातारे बाबा म्हणाले, दिवा नको, टाकी नको, आधी सातबारा द्या. त्यावर बायांनी त्यांना चांगलंच धरलं. तुम्ही अंधारात भाकऱ्या थापता का, पाणी तुम्ही आणता का, असं विचारलं. आम्हाला दोन्ही पटतं. म्हणून पाहुण्यांना येऊच देऊ नका असं सांगायला आम्ही उभे नाही. मागे काय झालं ते आधी ऐका.

२००५ च्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या पाड्यावर असाच एक गट येऊन गेला. कोणत्या संस्थेने आणला, कोणत्या देशाचा, ते इथे सांगत नाही, कारण पोरं वाईट नव्हती. खाटेवर झोपली, मिरचीचा ठेचा खाऊन रडली, होळीची गाणी शिकायचा प्रयत्न केला. पण आली कधी? डिसेंबरात. दिवाळी झाली की आपला अर्धा पाडा उचल घेऊन गुजरातमध्ये ऊसतोडीला जातो. गावात उरतात म्हातारे आणि बारकी पोरं. त्या म्हाताऱ्यांना आणि पोरांना अंगणात बसवून रांगोळीने गावाचा नकाशा काढला. नदी निळी, घरं लाल, शेत हिरवं. फोटो काढले. त्याला लोकसहभाग म्हणतात. ज्यांची जमीन होती ते लोक बार्डोलीकडे उसात होते.

त्या नकाशात डोंगराच्या अंगाचा एक तुकडा पिवळा दाखवला आणि खाली लिहिलं, पडीक वनजमीन. तो तुकडा एका काकींचा. नवरा वारला आहे. सासऱ्याच्या वेळेपासून ती जमीन ते खेडतात. त्या वर्षी बैल मेला, हातात पैसा नव्हता, म्हणून एक साल पेरलं नाही आणि काकी पोरांना घेऊन कोयत्यावर गेल्या. उताराची जमीन तशीही मधे एखाद साल मोकळी ठेवावी लागते, हे आपल्याला शाळेत न जाता कळतं. पाहुण्यांनी विचारलं, ही जमीन कुणाची? सोबतच्या माणसाने सांगितलं, फॉरेस्टची. मग त्यांनी तिथे खड्डे खोदले, दगड रचले, पत्र्याचा बोर्ड लावला. पावसाळ्यात संस्थेची माणसं येऊन रोपं लावून गेली. रोपं बकऱ्यांनी खाल्ली. बोर्ड आहे अजून.

आता हे आजच का काढतो? साथींनो, वन हक्काचा कायदा २००६ मध्ये झाला, नियम १ जानेवारी २००८ ला निघाले, आणि आता आपण गावोगाव दावे भरतो आहोत. त्या कायद्यात तारीख कोणती आहे, सगळ्यांना पाठ पाहिजे: १३ डिसेंबर २००५. त्या दिवशी जमीन तुमच्या ताब्यात होती हे दाखवायचं आहे. आणि त्या पाहुण्यांचा छापील अहवाल, रंगीत फोटोसकट, बरोबर त्याच हिवाळ्याचा आहे. काकींच्या दाव्याची पडताळणी चालू झाली तेव्हा एकाने तो अहवाल पुढे केला. म्हणाला, ही जमीन तर तेव्हा पडीक होती, फोटो आहे. काकी काय बोलणार? त्या इंग्रजी अहवालातलं एक अक्षर त्यांना कधी कुणी वाचून दाखवलेलं नाही. बोर्डावर काय लिहिलं आहे तेसुद्धा त्यांनी आमच्याकडून ऐकलं.

त्या पोरांना हे माहीतच नसेल. आपल्या देशात जाऊन त्यांनी मार्क घेतले असतील, आणि अंगणातल्या रांगोळीचा फोटो कुणाच्या तरी भिंतीवर असेल.

काकींचा दावा सोडलेला नाही, हे सांगितलं पाहिजे. वन हक्क समिती जागेवर गेली. शेताच्या ताली मोजल्या, त्या तालींचे दगड काही एका सालात रचलेले नाहीत. सासऱ्याच्या नावाची फॉरेस्टची दंडाची पावती पत्र्याच्या पेटीत निघाली. तेव्हा दंड भरताना तो म्हातारा रडला होता म्हणे, आज तीच पावती कामाला आली. दोन वृद्धांचे जबाब लिहून घेतले. नियमात आहे की एकाहून जास्त पुरावे बघायचे. बांध, ताली, घर हाही पुरावा, आणि दावा करणारा सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्याचं लेखी निवेदन हाही पुरावा. ग्रामसभेने ठराव करून दावा वर पाठवला आहे. पुढे उपविभागीय समिती काय करते ते बघायचं. तुमच्या गावात असा कुठला जुना नकाशा, बोर्ड, अहवाल असेल तर तो आत्ताच शोधा. आपल्या उलट वापरला जायच्या आधी आपल्या हातात पाहिजे.

आता दुसरी बाजू. एक परदेशी मुलगी आमच्याकडे वर्षभरापूर्वी आली होती. कोणताही प्रकल्प घेऊन आली नव्हती, त्यामुळे सुरुवातीला आम्हाला तिचा संशयच आला. पोरांबरोबर बसून पावरी शिकली. मोहफुलं वेचायला पहाटे बायांबरोबर जायची. जाताना तिने विचारलं, मी काय करू शकते? तेव्हा म्हाताऱ्यांच्या गोष्टी टेपवर घ्यायचं ठरलं. कोण कुठून आलं, कोणतं शेत कुणी काढलं, फॉरेस्टवाले कधी आले, दंड किती झाला. तिने टेप धरला आणि आमच्यातल्या एकाने मराठीत वह्या लिहिल्या. तिने कॉपी नेली, वह्या इथेच राहिल्या. आज दाव्याला लागणारे जबाब लिहिताना त्याच वह्या उघडतो. त्यातला एक म्हातारा या उन्हाळ्यात गेला. त्याचं सांगणं वहीत आहे.

दोघेही पाहुणेच होते आणि दोघांचंही मन चांगलं होतं, पण चांगल्या मनावर काम भागत नाही. पहिल्या गटाला सहा आठवड्यांत काहीतरी उभं करून दाखवायचं होतं. फोटोत येईल असं काहीतरी. दुसरीला ती घाई नव्हती, तिला विचारायला वेळ होता.

आपल्याच तालुक्यातलं बिलगाव बघा. कितीतरी जण तिथले इथे बसले आहेत, त्यांनी आम्हाला दुरुस्त करावं. उदय नदी आणि टिटोडी नाला जिथे मिळतात तिथे धबधबा आहे. त्या पाण्यावर २००३ च्या जानेवारीत १५ किलोवॅटचं वीजघर चालू झालं. केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीचे इंजिनीअर आले, अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयांच्या एड या संघटनेने मदत केली, आणि दगड, वाळू, पाईप वाहून न्यायचं काम गावाने श्रमदानाने केलं. काम कसं चालतं ते सोपं आहे. वरती छोटा बांध, तिथून पाटाने पाणी टाकीत, टाकीतून पाईपाने खाली सोडलं की त्या जोराने टर्बाईन फिरतं, आणि पाणी परत नदीत. कुणाचं शेत बुडत नाही, कुणाला उठवावं लागत नाही. तारा नसलेल्या पाड्यांत दिवे लागले, जीवनशाळेत दिवा लागला. त्याच्या आधी डोमखेडीला ओढ्यावर असाच छोटा प्रयोग झाला होता.

'स्वदेस' नावाचा शाहरुख खानचा सिनेमा २००४ मध्ये आला, त्याची कल्पना बिलगाववरून घेतली असं लोक सांगतात. त्यात अमेरिकेतला एक इंजिनीअर येतो आणि गावात वीज आणतो. आमच्यातल्या एकाने शहाद्याला व्हिडिओवर बघितला. गाणी चांगली आहेत म्हणतो. पण सिनेमात एकच माणूस येतो. बिलगावला आंदोलन कितीतरी वर्षं आधीपासून घराघरात होतं, आणि इंजिनीअर त्या लोकांच्या बोलावण्याने आले. ते सिनेमात दाखवायला अवघड जात असेल.

पण बिलगावची गोष्ट तिथे संपत नाही, आणि शिबिरात ती इथपर्यंतच सांगतात म्हणून आम्हाला राग येतो. २००६ च्या मार्चमध्ये सरदार सरोवराची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटरपर्यंत न्यायची परवानगी मिळाली. त्याच पावसाळ्यात धरणाचं फुगलेलं पाणी बिलगावच्या वीजघरात शिरलं. साडेतीन वर्षं चाललेलं, लोकांनी हाताने बांधलेलं, कुणालाही न बुडवणारं काम, मोठ्या धरणाने बुडवलं. आता सांगा, त्या कामात काय कमी होतं? यंत्र बरोबर होतं, लोकांचा सहभाग खरा होता, परदेशातून आलेला पैसा आणि मदतही प्रामाणिक होती. फक्त नदी आणि जमीन यांचा निर्णय बिलगावच्या हातात नव्हता.

परदेशी माणसांनी हे ओळखलेलं आहे, असं नाही की ओळखत नाहीत. सरदार सरोवराला जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं. आंदोलनाच्या जोरामुळे बँकेला १९९१ मध्ये स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. अमेरिकेचे ब्रॅडफर्ड मोर्स आणि कॅनडाचे थॉमस बर्जर खोऱ्यात फिरले, जून १९९२ मध्ये त्यांनी बँकेच्याच विरोधात जाणारा अहवाल दिला, आणि मार्च १९९३ मध्ये बँक बाहेर पडली. यातला बर्जर हा माणूस लक्षात ठेवा. त्याने आधी कॅनडात उत्तरेकडच्या मॅकेन्झी खोऱ्यातल्या गॅस पाइपलाइनची चौकशी केली होती. तिथल्या आदिवासींच्या तीसहून जास्त वस्त्यांत जाऊन, त्यांच्या भाषेत त्यांचं ऐकून घेतलं. आणि १९७७ मध्ये अहवालात सांगितलं की पाइपलाइन दहा वर्षं थांबवा, आधी या लोकांचे जमिनीचे दावे निकालात काढा. पाइपलाइन कंपन्यांच्या मागे केवढा पैसा होता! तरी आधी दावे, मग पाइपलाइन, हे त्याने लिहून ठेवलं. आमच्या सभेतले म्हातारे बाबा जे म्हणाले ते हेच होतं, फक्त त्यांनी बर्जरचं नाव ऐकलेलं नाही.

आणि आपल्या हातात आता कायदाही आहे. वन हक्क कायद्यात फक्त चार हेक्टरपर्यंतची खेडलेली जमीन नाही. कलम ३ च्या पोटकलम २ मध्ये तेरा सोयी दिल्या आहेत. शाळा, अंगणवाडी, रेशन दुकान, पिण्याचं पाणी, लहान तळी, आणि बिलगावसारखी अपारंपरिक ऊर्जा पण. त्यांच्यासाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागत असेल, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं पडत नसतील, आणि ग्रामसभेने शिफारस केली, तर सरकारला तिथे सोय करता येते. म्हणजे पुढच्या वेळी कुणी म्हणालं की फॉरेस्टमध्ये टाकी बांधता येत नाही, तर हे कलम दाखवा. आणि कुणी पाहुणा म्हणाला की टाकी मी बांधतो, तर त्यालाही हेच दाखवा, की शिफारस ग्रामसभेची लागते, सरपंचाच्या एकट्या सहीचं ते काम नाही.

आता आम्ही पत्राला काय उत्तर द्यायचं म्हणतो ते सांगतो. हे आमच्या चौघांचं मत आहे, ठराव ग्रामसभेचा होईल.

या म्हणावं, पण पाडा घरी असताना या. आखाजीपासून पोळ्यापर्यंत लोक शेतावर असतात, तेव्हा चिखलात राहायची तयारी ठेवा. पहिले दोन आठवडे काही बांधायचं नाही, खोदायचं नाही, बोर्ड लावायचा नाही. दाव्यात असलेल्या जमिनीवर तर शेवटपर्यंत नाही. प्रत्येक पाहुण्याबरोबर आपल्यातला एक मुलगा किंवा मुलगी राहील, आणि त्याला रोज मजुरी मिळेल. दुभाषाचं काम फुकट करायचं दिवस गेले. मागच्या वेळी आमच्यातला एक जण दीड महिना त्यांच्यामागे डोंगर चढला आणि शेवटी त्याला एक टोपी मिळाली. टोपी चांगली आहे, त्याने आज घातली पण आहे. पण त्याच दीड महिन्यात त्याच्या भावाने उसात पोटाला मिळवलं.

नकाशा आणि अहवाल हा सगळ्यात मोठा मुद्दा. जे काही लिहाल, काढाल, त्याची मराठी प्रत जायच्या आधी सभेत वाचायची, आम्ही ती पावरीत आणि भिलीत सांगू. सभा म्हणाली हे चूक आहे, तर ते खोडायचं. कोणत्याही जमिनीला 'पडीक' लिहायचं असेल तर त्या घरच्या माणसाला विचारून, आणि घरचा माणूस बाहेरगावी असेल तर ती जागा कोरी सोडायची. औषधी झाडपाला, देवाच्या जागा, पुजाऱ्याचं ज्ञान, हे विचारायचं की नाही ते सभा ठरवेल.

आणि पैशाचं. आम्हाला मागच्या वेळी त्या पोरांतल्या एकाने गप्पांत सांगितलं की इथे येऊन काम करायचे त्यालाच पैसे भरावे लागले. आम्हाला आधी खोटं वाटलं. काम करायला पैसे कोण देतं? पण ते खरं होतं, आणि तो आकडा एका कोयत्याच्या सबंध हंगामाच्या कमाईपेक्षा मोठा होता. ते पैसे कुठे थांबले माहीत नाही, पाड्यावर आले नाहीत. म्हणून किती घेतले, किती कशावर खर्च, हा हिशेब सभेत मांडायचा.

कुणी म्हणेल, एवढ्या अटी घातल्या तर कोण येईल? गडचिरोलीत मेंढा गाव आहे, गोंड लोकांचं. आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा त्यांचीच. तिथे गावाचा अभ्यासगट आहे, बाहेरची शिकलेली माणसं त्यात येऊन बसतात, चर्चा करतात, पण निर्णय ग्रामसभा सर्वांच्या संमतीने घेते. त्यांच्याकडे लोक यायचे थांबले नाहीत, उलट वाढले.

अजून एक गोष्ट आमच्या मनात आहे. नेहमी तेच का येतात? आपण का जात नाही? राजस्थानात तिलोनियाला अफगाणिस्तानच्या, आफ्रिकेच्या खेड्यांतल्या बाया येऊन राहिल्या आणि सोलरचे दिवे जोडायला, दुरुस्त करायला शिकल्या. कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, शिकवणारीची भाषा कळत नव्हती. तारांच्या रंगांवरून आणि हाताच्या खुणांवरून शिकल्या. सहा महिन्यांनी आपल्या गावाला परत गेल्या आणि तिथेच राहिल्या. ही पण परदेशातली शिकाऊ उमेदवारीच झाली, फक्त ती शिकणारी आपल्या काकीसारखी आहे. आपल्या पाड्यावरच्या दोन बायांना तिलोनियाला आणि दोन पोरांना मेंढ्याला पाठवायचं असेल तर भाडं किती लागेल, ते आम्ही काढतो आहोत. पत्र लिहिणाऱ्या संस्थेला खरंच मदत करायची असेल तर त्या भाड्याने सुरुवात करावी, असं उत्तरात लिहिलं आहे. आपले लोक दरवर्षी गुजरातमध्ये जातात तेव्हा तेही परराज्यच असतं, पण त्याचं सर्टिफिकेट कुणी देत नाही.

उत्तराचा मसुदा दोन पानी आहे, दाराशी ठेवला आहे. ज्यांना वाचता येतं त्यांनी वाचावा, ज्यांना नाही त्यांना आम्ही जेवणानंतर वाचून दाखवू. काही बदल असेल तर आजच सांगा, कारण येत्या बाजाराच्या दिवशी आमची सभा आहे आणि त्या सभेला काकी पण येणार आहेत. बोर्ड काढायचा ठराव त्यांनीच मांडायचा असं ठरलं आहे. पहार आम्ही घेऊन येऊ.

जिंदाबाद!